टेक्ससचा जाहीरनामा आणि त्याच टेबलावरचा दुसरा कागद

२ मार्च हा इथला टेक्ससचा स्वातंत्र्यदिन. लेकीला सातवीत टेक्ससचा इतिहास आहे, म्हणून यंदा तिला घेऊन टेक्ससमधल्याच वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला जाऊन आले. १८३६ मध्ये जिथे मेक्सिकोपासून स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, तिथे आता त्या घराची प्रतिकृती आहे. मूळ घर अर्धवटच बांधलेलं होतं. खिडक्यांना काचा नाहीत, सुती कापड ताणून लावलेलं, आणि १ मार्चला पारा गोठणबिंदूच्या जवळ. त्या थंडीत ही माणसं देश जाहीर करायला बसली होती. मला आत उभं राहून खरंच भरून आलं.

मसुद्याचं श्रेय जॉर्ज चिल्ड्रेस यांना जातं. पाच जणांच्या समितीचे ते अध्यक्ष. समिती नेमली १ मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी मसुदा वाचून एकमताने मंजूरही झाला! म्हणूनच ते मसुदा नॅशव्हिलहून बरोबर घेऊन आले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं. चिल्ड्रेस टेनेसीचे वकील, वर्तमानपत्राचे संपादक. टेक्ससला येऊन त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. घडण तर सरळ जेफर्सन यांच्या, अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची आहे.

सही करणाऱ्या ५९ प्रतिनिधींपैकी टेक्ससमध्ये जन्मलेले दोघेच, होसे आन्तोनियो नवारो आणि होसे फ्रान्सिस्को रुइझ. दोघं सॅन अँटोनियोचे आणि नात्याने भाचा-मामा. त्यांची भाषा स्पॅनिश, कागद इंग्रजीत. आणि त्याच वेळी नवारोंची पुतणी हुआना, मेक्सिकोच्या सैन्याचा वेढा पडलेल्या सॅन अँटोनियोच्या अलामो गढीत अडकलेली. ज्यांची ही जन्मभूमी, घरची माणसं त्या आगीत, त्यांची नावं किती जणांना माहीत आहेत? लेकीला मी ही दोन नावं आधी पाठ करायला लावली.

पण मला सगळ्यात टोचतं ते पुढचं. जाहीरनाम्यात ज्यूरीसमोरच्या खटल्याचा हक्क आहे, सरकारने शाळा काढल्या नाहीत ही तक्रार आहे, धर्माच्या सक्तीचीही तक्रार आहे. गुलामगिरीबद्दल मात्र चकार शब्द नाही. मेक्सिकोचे अध्यक्ष गेरेरो यांनी १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती. टेक्ससच्या वसाहतवाल्यांनी त्यातून सूट मिळवली, शिवाय ९९ वर्षांचे करार करून माणसं कब्जात ठेवली. गुलाम हातचे जातील ही धाकधूक जाहीरनाम्यात कुठेच दिसत नाही. ती दिसते याच प्रतिनिधींनी १७ मार्चला मंजूर केलेल्या राज्यघटनेत. तिथे मात्र आडपडदा नाही. गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे टेक्ससच्या कायदेमंडळाला, नाही. स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही काँग्रेसच्या परवानगीशिवाय इथे कायम राहता येणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला कागद मुलांना शिकवायचा तर दुसराही शिकवा. लेखक कोण, हा प्रश्न चिल्ड्रेसपाशी थांबवून कसं चालेल? जे वगळलं, तेही त्या खोलीतल्या सगळ्यांनी मिळूनच वगळलं ना.

जाहीरनाम्याच्या मूळ प्रतीवर एक नोंद आहे: २८ मे १८३६ रोजी टेक्ससचे अमेरिकेतले प्रतिनिधी व्हार्टन यांनी ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात ठेवली. १८९६ पर्यंत ती तिथेच पडून होती. तिची प्रिंट आता लेकीच्या टेबलावर आहे. काल रात्री त्या प्रिंटशेजारी घटनेतल्या त्या कलमाची प्रिंट ठेवली आणि आम्ही दोघींनी दोन्ही कागद मोठ्याने वाचले.