एफवायला बायोलॉजी, जोडीला चित्रकला

विनायकच्या मुलीनं बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्ह म्हणून चित्रकला घेतली, त्यावरून परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर जुंपली. नव्या शैक्षणिक धोरणात आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यावाच लागतो. विनायकचं म्हणणं, "घ्यायचाच तर अकाउंट्स घ्यायचं की! चित्रं काढून बायोलॉजी येतंय होय?"

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. म्हटलं, "येतंय. बघून चित्र काढत नाहीत म्हणून काय अडतं, ते मी रोज बघतोय."

पहिल्या वर्षाचं साधं प्रॅक्टिकल घ्या, कांद्याच्या पापुद्र्याचं. पापुद्रा सोलायचा, सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, तिरकी धरून अलगद सोडायची. मायक्रोस्कोपखाली नीट बघितलं तर पेशीकेंद्र बहुतेक ठिकाणी भिंतीला चिकटलेलं असतं, कारण पेशीचा मधला भाग रिक्तिकेनं, म्हणजे द्रवानं भरलेल्या पिशवीनं व्यापलेला असतो. काही पेशींत ते दिसतच नाही. आणि मुलांच्या जर्नलात? एकसारख्या विटा, प्रत्येकीच्या मधोमध एक ठिपका. पुस्तकातून उतरवलेलं! काही जण तर काळ्या कडेचा हवेचा बुडबुडाच पेशी म्हणून काढतात. स्लाइड समोर असून बघितलेली नसते. मला याचं फार वाईट वाटतं.

इरफानचा फोटो स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "मग मोबाइल लावा मायक्रोस्कोपच्या आयपीसला. फोटो खोटं बोलत नाही."

"फोटोत एकच पातळी येते," मी म्हटलं. "पेशीला जाडी असते. फोकसचं बारीक चाक फिरवत वरचं, मधलं, खालचं बघायचं आणि ते सगळं एका चित्रात आणायचं, हे हातानंच होतं. सह्याद्रीत नवी वनस्पती सापडली की शोधनिबंधात फोटोंबरोबर रेखाचित्रंही देतात, ती काय हौसेखातर?"

सुहास शाळेत चित्रकला शिकवतो. त्यानं काहालची गोष्ट काढली. स्पेनचा हा पोरगा, व्हायचं होतं चित्रकार. शरीररचना शिकवणाऱ्या वडिलांनी वैद्यकाकडं वळवला. इटलीच्या गॉल्जी या शास्त्रज्ञानं शोधलेल्या पद्धतीनंच यानं मेंदूच्या पेशी रंगवल्या आणि तासन् तास बसून चितारल्या. गॉल्जीला त्यात सलग जाळं दिसलं, काहालला सुट्या सुट्या पेशी. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, पण बरोबर निघाला तो काहाल.

मला वाटलं, सुहास माझ्या बाजूचा. पण तो लगेच उसळला. "माझ्या विषयाला बायोलॉजीच्या दारात उभं करू नका. तुमच्याकडं शेडिंग चालत नाही, नुसती स्वच्छ रेघ आणि लेबलं. चित्रकला तेवढीच आहे का? आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमाननी कोटितीर्थ तलाव रंगवला तो काय पाणवनस्पती ओळखायला?"

हे मला पटलं. पण चांगलं चित्र दोन्हीकडं उपयोगी पडतं. डोडो पक्षी नामशेष झाला. तो दिसायचा कसा हे ठरवताना प्राणिशास्त्रज्ञ जहांगीरच्या काळातलं, उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेलं चित्र आजही पुढं घेतात. ते चित्र म्हणूनही देखणं आहे. उलट चित्रकलेच्या पोरांनीही एक सत्र आमच्या प्रयोगशाळेत बसावं, असं माझं ठाम मत आहे. पानं फांदीवर समोरासमोर येतात की आलटून पालटून, हे कळल्याशिवाय फांदी रंगवायची तरी कशी?

विनायकचा शेवटचा मुद्दा गुणांचा. "हात चांगला असलेल्याला दहापैकी नऊ, आणि माझ्या पोरीला चार?"

"मी तपासायला बसलो तर स्लाइड आणि कागद शेजारी ठेवीन," सुहास म्हणाला. "रेघ वाकडी असली तरी चालेल. स्लाइडमध्ये नसलेलं काढलं तर मात्र गुण जातील."

ही पद्धत मी विभागप्रमुखांपुढं मांडणार आहे. निदान कांद्याच्या प्रॅक्टिकलला पुस्तक बंद ठेवायचं आणि सुहासला तासभर बोलवायचं. विनायक विषय बदलायचा अर्ज अजून खिशात घेऊन फिरतोय.