ग्रँट नको, गोडाऊन काढा

समाजासाठी काही करायची खुमखुमी आली असेल तर दोन दिवस पडून राहा, उतरेल. नाहीच उतरली तर बडोद्यात भरवस्तीत एक गोडाऊन भाड्याने घ्या आणि त्यात केमिकलचे ड्रम भरा. सरकारी माणूस दारात फिरकणार नाही, हमी माझी.

जागा वस्तीतलीच बघा. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत गेलात तर उगाच कोणीतरी कागद मागेल. दांडिया बाजारातल्या वाड्याचा तळमजला उत्तम. वर माणसं राहतात, तेव्हा खाली काही धोक्याचं असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

माल रात्री उतरवा.

वजनाचं भान ठेवा. भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांचे नियम आले, त्यात प्रत्येक रसायनाची मर्यादा ठरलेली आहे. क्लोरीन १० टन झालं की आपत्कालीन आराखडा करावा लागतो, २५ टनांना सुरक्षा अहवाल. तेव्हा थोडं थोडं ठेवा. ड्रमवर आत काय आहे आणि ते बनवलं कोणी, हे मात्र लिहावंच लागतं. त्यावर उपाय नख. आमच्या गल्लीतल्या एका ड्रमवर लाल चौकटीचा खालचा कोपरा तेवढा उरलाय. त्यात ३ हा आकडा दिसतो, म्हणजे पेट घेणारा द्रव. नाव सोलून काढलंय. थिनरसारखा वास सांगतो काय ते.

रिकामे ड्रम विकून टाका, लोक त्यात पाणी भरतात. रसायन लागलेलं रिकामं पिंप २०१६च्या नियमांत घातक कचऱ्याच्या यादीत आहे, पण यादी वाचतो कोण?

आणि काहीही झालं तरी ग्रँट घेऊ नका. आमच्या भगिनी मंडळाने घेतली. चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक वॉटर कूलर, बस. तीन दुकानांची कोटेशनं दिली, पक्की बिलं दिली, उपयोगिता प्रमाणपत्र दिलं. मग फोटो मागितले. फोटोत ‘सौजन्य’ची पाटी दिसत नाही म्हणून परत मागितले. मागच्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसातून एक साहेब स्वतः मोजायला आले. भजनाचा वार, बायका बसलेल्या. त्यांना उठवून खुर्च्यांच्या थप्प्या लावल्या. एकोणचाळीस भरल्या. चाळिसावीचा पाय मोडलाय, माळ्यावर टाकलीय म्हटलं, तर म्हणे खाली आणा. आणली. मग मोडली कशी, कोणी मोडली, तसा ठराव झाला का? अहो, एक जाड बाई बसली आणि मोडली, ठराव कसला करायचा त्याचा! नाव लिहून घेतलं हो त्यांनी तिचं. सत्तरीची बाई, दोन दिवस झोपली नाही.

जाताना मी त्यांना म्हटलं, साहेब, समोरच्या गोडाऊनमध्येही एकदा डोकावा, वासाने डोकं धरतं. नाकाला रुमाल लावलेला होता त्यांनी, त्या रुमालातूनच म्हणाले, “बेन, ए अमारामां न आवे.”

मग कोणामध्ये येतं ते तरी सांगा की! अर्ज दिला की हे खातं त्या खात्याचं नाव सांगतं, ते खातं तिसऱ्याचं, आणि तिसरं पुन्हा पहिल्याचं. ११ नोव्हेंबर २०२४ला बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनची टाकी पेटली, दोन माणसं गेली. तिथे निदान फायरवाल्यांना ठाऊक होतं की आत बेंझिन आहे. आमच्या गल्लीत बंब आलाच, आणि बोळात शिरलाच, तर फोम मारायचा की पाणी, कोणाला विचारणार ते? खुर्च्यांच्या रजिस्टरला?

साहेबलोक, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? हिशेब मागा, जरूर मागा, जनतेचा पैसा आहे. पण मोडक्या खुर्चीसाठी जिना चढता आणि दहा पावलांवरचं शटर वर करायला सांगत नाही? १९९६च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात रासायनिक अपघातांसाठी संकट गट असतो, कलेक्टर त्याचे अध्यक्ष, दर ४५ दिवसांनी बैठक, आणि नागरिकाने मागितली तर माहिती द्यायची. मी मागतेय. बैठक झाली असेल तर आमच्या वॉर्डाबद्दल काय ठरलं ते लिहून द्या. आमचं नावच निघालं नसेल तर तेही लिहून द्या, सही-शिक्क्यानिशी.