ओसाड माळ म्हणे!

अमेरिकेतल्या ओरेगॉनला वसाहत करायला आलेल्या गोऱ्यांबद्दल, म्हणजे पायनियरांबद्दल, एक फॉरवर्ड फिरतोय: 'पायनियर लोक बैलगाड्या घेऊन ओरेगॉनच्या ओसाड माळावर आले, सरकारकडे हात न पसरता एकेकट्याच्या हिमतीवर गिरण्या उभ्या केल्या. नाहीतर आपण!' सोबत फोटो तिथल्या सेलम गावातल्या, थॉमस के यांच्या लोकर गिरणीचा. ही गिरणी आता संग्रहालय आहे, आवारात १८४१ चं मिशनऱ्यांचं घरही जपलंय. फोटो छानच आहे. मजकुराचं तेवढं बघू.

ओसाड माळ? सेलम ज्या विलामेट खोऱ्यात आहे, तिथे कालापुया हे मूलनिवासी लोक हजारो वर्षं राहत होते. उन्हाळा सरला की ते कुरणं पेटवत. त्याने झुडपं माजत नसत, कॅमास या रानवनस्पतीचे खायचे कंद भरघोस येत, शिकार सोपी होई. गाडीवाल्यांना जी मोकळी मैदानं आयती दिसली, ती या माणसांनी राखलेली होती. १८३० नंतर हिवतापाने त्यांच्यातले बहुतेक मेले. उरलेल्यांना १८५५ च्या करारानंतर ग्रँड रोंड या मूलनिवासींसाठी राखलेल्या जागेत हलवलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

सरकारकडे हात पसरला नाही? १८५० च्या कायद्याने, त्या वर्षाच्या १ डिसेंबरपूर्वी आलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर फुकट मिळत. अट एकच, चार वर्षं राहा आणि कसा. बायको असेल तर तिच्या नावे आणखी ३२०. दोन गुंठ्यांवरून कोर्टात जाणाऱ्यांनी हे ६४० एकर जरा डोळ्यांपुढे आणावेत. काळ्या माणसाला मात्र कितीही हिंमत असली तरी यातलं काही नव्हतं.

वाट खडतर होती, वाटेत माणसं मेली, हे खरंच. त्याबद्दल वाद नाही.

आता 'एकेकटा'. थॉमस के हे इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या गिरण्यांत लहानपणापासून घडलेले कारागीर. १८८९ मध्ये त्यांनी सेलमला गिरणी काढली तेव्हा गावकऱ्यांनी पैसा उभा केला. गिरणी चालायची पाण्यावर, आणि सँटियम नदीचं ते पाणी गावातल्या मिल क्रीक ओढ्यात वळवायचं काम तर आधीच्या एका लोकर कंपनीने १८५० च्या दशकातच करून ठेवलं होतं. १८९५ मध्ये गिरणी जळाली, तेव्हा पुन्हा गावच पुढे आलं.

केंच्या नातवांनी १९०९ मध्ये ओरेगॉनमधल्याच पेंडल्टन गावची बंद पडलेली लोकर गिरणी चालू केली. तिच्या रंगीत ब्लँकेटांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण? मूलनिवासी जमाती. त्याच, ज्या म्हणे इथे नव्हत्याच.