नळीने जेवणाऱ्याचेही दात घासावेच लागतात

गेल्या आठवड्यात ताईकडे गेलो होतो. भाच्याचा ओठ जरा बाजूला केला, तर खालच्या दातांवर पिवळट थर आणि हिरड्या लालबुंद. ब्रश कुठंय विचारलं. "दहा दिवस झाले, बंद केलाय," म्हणत ताईने फोन पुढे केला.

भाचा चौदा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नाही; गिळणं जमत नाही, पोटात बसवलेल्या नळीतून अन्न जातं. इतकी वर्षं ताईने त्याचे दात एक दिवस न चुकता घासले आणि एका फॉरवर्डने ते थांबवलं. 'दिव्यांगांच्या पालकांनो सावधान! खास ब्रशच्या जाळ्यात अडकू नका', खाली पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक ग्रुपवर पाठवा'. लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो. 'नळीने जेवणाऱ्यांच्या तोंडात अन्नच जात नाही, मग दात घासायचे कशाला? उलट ब्रशचं पाणी फुप्फुसात जातं.'

तोंडातले जंतू आपल्या जेवणाच्या वेळा बघून वाढत नाहीत. लाळ आणि तोंडातल्या गळून पडणाऱ्या पेशी एवढ्यावरही त्यांचं भागतं. आपण चावतो तेव्हा लाळ सुटते, जीभ आणि गाल दातांवरून फिरतात, थोडी सफाई आपोआप होते. चावणं थांबलं की तीही थांबते. नळीने अन्न घेणाऱ्या मुलांच्या दातांवर किटण उलट जास्त साठतं, ही दंतवैद्यांना जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. कीड एक वेळ कमी लागेल, हिरड्यांचं काय?

आता फुप्फुसाचं. ज्याला पाणी गिळता येत नाही त्याला स्वतःची लाळही नीट गिळता येत नाही. ती थोडी थोडी श्वासनळीत उतरते, पुष्कळदा ठसकासुद्धा न लागता. ब्रश बंद केल्याने ती उतरायची थांबत नाही, फक्त जास्त घाण होऊन उतरते. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत यावर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. एका गटाचे दात प्रत्येक जेवणानंतर कर्मचाऱ्यांनी घासले, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू ठेवलं. दोन वर्षांत दुसऱ्या गटातल्या १९ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, घासलेल्या गटात ११ टक्क्यांना. न्यूमोनियाने झालेले मृत्यूही कमी. ती माणसं म्हातारी होती आणि भाचा चौदाचा आहे, हे मलाही कळतं. पण फॉरवर्डवाल्याकडे यातलं काय आहे? जोडलेले हात.

पाणी श्वासनळीत जाण्याची भीती मात्र खोटी नाही, एवढं कबूल करतो. पण त्यासाठीच तर सक्शन ब्रश असतो. त्याच्या दांड्यातून नळी जाते, ती सक्शन मशीनला जोडायची. घासता घासता लाळ आणि पाणी तिथल्या तिथे ओढलं जातं. त्याच्या जोडीला शरीर उभं, हनुवटी किंचित खाली, बसता येत नसेल तर एका कुशीवर. डोकं मागे टाकून कधीच नाही. पेस्ट कमी फेसाची आणि नुसती पुसल्याइतकी. आणि दात आपोआप आवळले जात असतील तर मध्ये बोट घालायचं नाही. त्यासाठी तोंड उघडं ठेवणारे रबरी ठोकळे मिळतात, ते कसे वापरायचे हे दंतवैद्याकडून एकदा शिकून घ्यायचं.

दुसरा मुद्दा: 'ब्रशपेक्षा माउथवॉशची चूळ सुरक्षित.' वरच्याच ओळीत ब्रशचं चमचाभर पाणी जीवघेणं होतं, खालच्या ओळीत तोंडभर चूळ सुरक्षित! ज्याला थुंकता येत नाही त्याला चूळ द्यायची म्हणजे काय, याचा विचार तरी केला का या माणसाने? शिवाय दाताला चिकटलेला थर चुळीने निघत नाही, तो घासूनच निघतो. क्लोरहेक्सिडिन हे जंतू मारणारं औषध डॉक्टर देतात, पण ब्रशच्या जोडीला आणि सांगितले तेवढेच दिवस. फार दिवस वापरलं तर दात तपकिरी पडतात.

विजेवरचा ब्रश हिरड्या सोलतो म्हणे. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात ५१ चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली होती. तीन महिन्यांनंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर २१ टक्के कमी, हिरड्यांची सूज ११ टक्के कमी, आणि नोंदवलेला त्रास किरकोळ, तात्पुरता. मात्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांवरचा कॉक्रेनचाच २०१९ चा आढावा सांगतो की तिथे विजेच्या आणि साध्या ब्रशमध्ये फरक दिसला नाही. काही मुलांना ती थरथर सहनही होत नाही. तेव्हा हट्ट नको. पण 'फरक दिसला नाही' आणि 'हिरड्या सोलतो' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'जाड मुठीच्या ब्रशने हात आळशी होतो' हा चौथा. ज्याची मूठ वळत नाही त्याला बारीक दांडा धरताच येत नाही, मग आई घासते. त्याच दांड्यावर फोमची नळी चढवली किंवा तळहाताला पट्टा बांधून त्यात ब्रश खोचला, की तोच माणूस स्वतः घासायला लागतो. आळशी कुठला हात झाला?

पाचवा, 'हा सगळा पैसे उकळायचा धंदा.' थोडा आहेच. जाड मुठीसाठी खास काही विकत घ्यायला नको; सायकलच्या हँडलची मूठ चालते, चेंडूला चीर पाडून त्यात दांडा खुपसला तरी चालतं. प्लॅस्टिकचा दांडा गरम पाण्यात धरून हवा तसा वाकवताही येतो. सक्शन ब्रश मात्र घरी जुगाड करून बनवू नका, आणि तो लागतो की नाही हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला विचारा.

परवा रात्री ताईचा फोन आला. घासायला सुरुवात केली तर हिरड्यांतून रक्त येतंय, थांबवू का? फॉरवर्डमध्ये सहावा मुद्दा असता तर तो हाच असता. थांबवू नकोस म्हटलं. दहा दिवसांच्या खंडाने हिरड्या सुजल्यात, मऊ ब्रशने हलक्या हाताने रोज घासलं की सूज उतरते आणि रक्त थांबतं. आठवडाभरात नाही थांबलं तर त्याला दंतवैद्याकडे न्यायचं ठरलंय.