खवय्या, खादाड, हावरट, अधाशी

हे चारही शब्द आपण एकाच अर्थाने सर्रास वापरतो. मला ते मनापासून खटकतं.

खवय्या हा गवय्याचा सख्खा भाऊ. जसा गाण्यात मुरलेला गवय्या, तसा खाण्यात मुरलेला खवय्या. त्यात चव आली, पारख आली, करणाऱ्याला दाद देणं आलं. दोनच घास खाऊनही माणूस खवय्या असू शकतो. खादाडाचं तसं नाही, तिथे मोजमाप पोटाचं. पण त्या शब्दात राग नाही, उलट लाडच जास्त. फ्रेंचमध्येही ‘गूर्मे’ आणि ‘गूरमां’ अशी जोडी आहे. गूर्मे म्हणजे मुळात वाइनची पारख असणारा, आणि गूरमां भरपूर खाण्याची आवड असणारा.

हावरटाचा भुकेशी संबंधच नसतो. स्वतःचं पान भरलेलं असतानाही त्याचं लक्ष शेजारच्या पानावर. महाभारतात बकासुरही गाडाभर खातो आणि भीमही. भीमाचं तर एक नावच वृकोदर, म्हणजे लांडग्यासारखं पोट असलेला. कुंती भिक्षेतला अर्धा वाटा एकट्या भीमाला द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळे जेवायचे. तरी आपण शिवी म्हणून वापरतो ते बकासुराचंच नाव, कारण तो गाड्याबरोबर आलेल्या माणसालाही खायचा. भीम दुसऱ्याच्या घरावरची पाळी स्वतःवर घेऊन गेला. तेव्हा प्रश्न किती खाल्लं हा नाहीच.

अधाशी मात्र मला सगळ्यात जपून वापरावासा वाटतो. अधाशीपणा दिसतो हातांच्या घाईत. पुन्हा मिळेल की नाही या धास्तीने माणूस भराभर खातो. कधी नुसती कडकडून भूक लागलेली असते, आणि आपण तिला स्वभाव ठरवून मोकळे होतो.

परवा एका पंगतीत माझी नऊ वर्षांची भाची दिवसभर हुंदडून जेवायला बसली होती. भराभर जेवत होती. कुणीतरी म्हणालं, “किती अधाशी गं!” तोंडाकडे निघालेला तिचा हात तिथेच थांबला. तिने घास हळूच ताटात ठेवला. त्याच पंगतीत तिसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या तिच्या बाबाला मात्र सगळे कौतुकाने खवय्या म्हणत होते. बाईला कुणी कौतुकाने ‘खवय्यी’ म्हटलेलं मी क्वचितच ऐकलंय. खादाड आणि हावरट मात्र बिनदिक्कत म्हणतात.

मी तिला वाढायला गेले. “घे गं, पोटभर जेव.” तिने आधी त्या बोलणाऱ्या माणसाकडे पाहिलं, मग म्हणाली, “नको आत्या, झालं माझं.”