उलानबातरच्या भिंतीवरचा अंगारक

नागपूर सोडून दीड दिवस झाला होता. दिल्ली, मग सोलच्या विमानतळावर अख्खी रात्र, मग साडेतीन तासांचा शेवटचा टप्पा. मंगोलियाच्या राजधानीचं, उलानबातरचं नवं विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब, उघड्या माळावर आहे. बाहेर आले आणि बघतच राहिले. ना धुरे, ना कुंपण, ना झाड. पिवळं गवत आणि मोकळी चरणारी घोडी. महाराष्ट्राच्या पाचपट देश आणि माणसं जेमतेम ३५ लाख, हे आधी वाचलं होतं, पण कळलं ते तिथे उभं राहिल्यावर. त्यातली निम्मी माणसं राजधानीतच, म्हणून तिथे मात्र गाड्यांची रांग हलत नाही.

जिथे उतरले तिथल्या काकूंनी दारातच खुणेने सांगितलं, उंबरठ्यावर पाय नको. माझी आजी असंच ओरडायची. मग मीठ घातलेला दुधाचा चहा आला. पहिला घोट जड गेला, दुसरी वाटी मी मागून घेतली.

त्यांच्या लेकीच्या खोलीत ग्रहमालेचा तक्ता होता. तिने एकेक नाव वाचून दाखवलं: बुद, सुगर, अंगराग, बार्हस्बाद, सान्चिर. बुध, शुक्र, अंगारक, बृहस्पती, शनैश्चर! दर अंगारकीला ज्याचं नाव घेतो तो मंगळ तिथे शाळकरी मुलीच्या तोंडी होता. माझ्या अंगावर काटा आला.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर लगेच उत्तरं आली, ‘बघा, सगळं आपलंच.’ मला हे पटत नाही. शब्द इकडून गेले खरे, बौद्ध ग्रंथांबरोबर, मध्य आशियातून हातोहात. पण ते जपले त्यांनी, आणि त्या धर्मासाठी किंमतही त्यांनीच मोजली. १९३७ नंतर इथल्या साम्यवादी राजवटीने हजारो लामांना मारलं, मठ पाडले. इथल्या गंदन मठातली अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, प्रचंड मूर्तीही तेव्हाच गेली. राजवट बदलल्यावर लोकांनी वर्गणी काढून ती १९९६ मध्ये पुन्हा उभारली, २६ मीटर उंच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. मी बौद्ध घरात वाढले, तरी त्या पायांशी उभी राहिले तेव्हा ‘आपलं’ म्हणायला जीभ रेटेना. नुसते हात जोडले.

आपण जोडलेलं काही पाहायचं असेल तर पेथुब मठ आहे. लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे १९९० पासून दहा वर्षं इथे भारताचे राजदूत होते, तो त्यांनी उभा केला. उद्या सकाळी तिथे जाते आहे. काकू म्हणाल्यात, सोबत येते.