सरकारला खरंच सगळं वाचता येतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया विचार करून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन ती बाजूला सारणं मला पटेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं एनिग्मा हे सांकेतिक यंत्र फोडल्याचं ब्रिटिशांनी जवळपास तीस वर्षं लपवलं, तसंच आजचं एन्क्रिप्शनही (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर कुलूपबंद करणं) गुप्तचर संस्थांनी कधीच फोडलेलं असणार. समजा फोडलेलं नसलं, तरी फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं पेगासस आहेच. म्हणून ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वापरा’, म्हणजे फक्त बोलणाऱ्या दोन टोकांनाच वाचता येतील असे संदेश पाठवा, असं सांगणारा माझा लेख लोकांना खोटा दिलासा देतो. शेवटी, असे संदेश पाठवणाऱ्या सिग्नल या ॲपबद्दल तुम्ही लिहिलंत, “मी सिग्नल काढून टाकलं. ज्याचा उपयोग नाही ते फोनमध्ये ठेवून काय करू?”

एनिग्माचा मुद्दा यात सगळ्यांत भक्कम आहे. गुप्तचर संस्था उरलेल्या जगाच्या पुढे होत्या, याला त्याहून ठोस पुरावेही आहेत. सार्वजनिक किल्लीची कल्पना (कुलूप लावायची किल्ली सगळ्यांना उघड, ते उघडायची गुप्त) ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. जगाला ते कळायला 1997 उजाडलं. आयबीएमने तयार केलेल्या आणि अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा हात लागलेल्या डीईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची गोष्टही अशीच आहे. एली बिहॅम आणि आदी शमीर यांनी 1990 च्या आसपास एक नवा हल्ला प्रसिद्ध केला, तेव्हा लक्षात आलं की डीईएस या हल्ल्याला आश्चर्य वाटावं इतकी पुरून उरते. पुढे 1994 मध्ये आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथ यांनी उघड केलं की हा हल्ला त्यांच्या गटाला 1974 मध्येच माहीत होता, आणि एनएसएलाही. म्हणजे पंधरा वर्षांहून मोठी आघाडी होती. तुमचा संशय निराधार नाही.

पण डीईएसचा शेवट कसा झाला तेही पाहा. तिची किल्ली 56 बिटांची, म्हणजे 56 शून्य-एकांची होती. 1998 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि 56 तासांत किल्ली शोधून दाखवली. डीईएसच्या रचनेत भगदाड पडलं म्हणून हे झालं नाही. किल्ली आखूड होती आणि ती आखूड आहे ही तक्रार अभ्यासक पहिल्या दिवसापासून करत होते. तिच्या जागी आलेली एईएस उघड स्पर्धेतून निवडली गेली. 1997 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने जगभरातून प्रस्ताव मागवले, 15 पद्धती शर्यतीत उतरल्या, प्रत्येकीवर इतरांनी जाहीरपणे हल्ले केले, आणि योआन डेमन व विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन अभ्यासकांची रचना जिंकली. तेव्हापासून जगातले उत्तमोत्तम गणिती तिच्यामागे लागले आहेत. 128 बिटांच्या एईएसवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक गाजलेला हल्ला सगळ्या किल्ल्या एकेक करून तपासण्यापेक्षा जेमतेम चारपट सरस आहे.

आणि सगळ्या किल्ल्या तपासणं म्हणजे काय? शंभर कोटी यंत्रं घ्या. प्रत्येक यंत्र सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासतं असं माना. 128 बिटांच्या सगळ्या किल्ल्या संपायला हजार कोटी वर्षांहून जास्त काळ लागेल. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं आहे. चारपट वेगाने इथे काहीच हाती लागत नाही. ‘सरकारकडे महासंगणक असतात’ हे वाक्य खरं आहे, पण या आकड्यांपुढे महासंगणकाने फरक पडत नाही.

यावर तुम्ही म्हणाल की हे माहीत असलेल्या हल्ल्यांबद्दल झालं, गुप्त हल्ल्याचं काय? इथे मी गणितापेक्षा या संस्थांच्या वागण्याकडे बघते. 2013 मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेली कागदपत्रं आपल्याला दाखवण्यासाठी लिहिलेली नव्हती. ती संस्थेच्या आतली, आपसातली होती. त्यांत काय दिसतं? बाजारातल्या सुरक्षा-उत्पादनांची रचना आपल्या सोयीची व्हावी म्हणून एनएसए वर्षाला सुमारे 25 कोटी डॉलर खर्च करत होती. गूगलच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या तारांमधून एनएसए आणि जीसीएचक्यू माहिती उपसत होत्या, कारण त्या तारांवरून ती एन्क्रिप्शनशिवाय जात होती. जिला कुठलंही कुलूप सहज उघडता येतं, ती संस्था उघडी खिडकी शोधत फिरत नाही.

याच काळात ‘ड्युअल ईसी’ प्रकरणाचाही उलगडा झाला, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण वाटतं. एन्क्रिप्शनला यादृच्छिक आकडे लागतात. ते तयार करण्याची ही पद्धत 2006 मध्ये एनआयएसटीच्या मानकात आली. तिच्यात दोन ठरावीक स्थिरांक होते, आणि ते कुठून आले हे कोणी सांगत नव्हतं. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॅन शुमोव आणि नील्स फर्ग्युसन यांनी एका परिषदेत दाखवून दिलं की या स्थिरांकांमधलं नातं ज्याला माहीत असेल, त्याला पुढचे आकडे आधीच ओळखता येतील. म्हणजे चोरवाट. 2013 च्या कागदपत्रांनी संशयाचं बोट एनएसएकडे वळवलं आणि 2014 मध्ये एनआयएसटीने ही पद्धत मागे घेतली. पण खरा धडा डिसेंबर 2015 मध्ये मिळाला. ज्युनिपर या कंपनीच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कची राखण करणाऱ्या उपकरणांत) हीच पद्धत वापरलेली होती, आणि कोणीतरी बाहेरून शिरून तिच्यातला एक स्थिरांक गुपचूप बदलून टाकला होता. एकासाठी ठेवलेल्या चोरवाटेचा दुसऱ्याने कब्जा घेतला.

तेव्हा माझं म्हणणं ‘सरकार हतबल आहे’ असं मुळीच नाही. जुन्या, आखूड किल्ल्या मोठ्या देशाला परवडणाऱ्या खर्चात फुटतात. 2015 मध्येच संशोधकांनी दाखवलं की 1024 बिटांची एकच, सगळीकडे वापरली जाणारी मूळ संख्या हाताळायला काही दहा कोटी डॉलरचं यंत्र बांधलं, तर जगातल्या जवळपास दोन-तृतीयांश व्हीपीएन (इंटरनेटवरची एन्क्रिप्टेड खासगी वाट) सर्व्हरवरची वाहतूक वाचता येईल. आणि वेगळ्याच तत्त्वावर चालणारे मोठे क्वांटम संगणक आले तर आजच्या सार्वजनिक किल्ल्या पडतील. म्हणूनच एनआयएसटीने ऑगस्ट 2024 मध्ये त्यांच्यापुढे टिकतील अशा नव्या पद्धतींची मानकं जाहीर केली, आणि सिग्नलने तर 2023 मध्येच तशी एक पद्धत जोडली.

आता पेगासस. तुमची प्रतिक्रिया इथे सगळ्यांत जास्त चुकते असं मला वाटतं. फोन हातात आला किंवा त्यात हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसलं, की एन्क्रिप्शन संपलं. संदेश तुम्हाला वाचायला पडद्यावर उघडावाच लागतो, आणि तिथे तो घुसखोरालाही दिसतो. ही एन्क्रिप्शनची खरी मर्यादा आहे, आणि ती कुठलंही गणित दूर करणार नाही. पण आकडे बघा. 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल करण्याच्या सोयीतल्या दोषाचा फायदा घेऊन पेगासस घुसवलं गेलं, त्या प्रकरणात लक्ष्य झालेले फोन सुमारे 1,400 होते. व्हॉट्सॲप वापरणारे तेव्हा दीडशे कोटींच्या घरात होते. त्या 1,400 मध्ये पत्रकार होते, मानवी हक्कांसाठी काम करणारे होते, आणि त्यांच्यावर झालेला अन्याय संख्येने लहान होत नाही. तरीही उरलेल्या कोट्यवधी लोकांचे संदेश कोणी वाचले नाहीत, यामागे शासनकर्त्यांचा चांगुलपणा नव्हता. इतक्या फोनांत शिरणं परवडत नाही. असे दोष दुर्मीळ असतात, महाग असतात, आणि जास्त वापरले की पकडले जाऊन बुजवले जातात.

अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन आठवा. 2016 मध्ये एफबीआयने ॲपलला कोर्टात खेचलं, मग एका बाहेरच्या कंपनीकडून तो फोन उघडून घेतला. त्यासाठी नऊ लाख डॉलर मोजले, असं सिनेटर डायन फाइनस्टीन पुढच्या वर्षी जाहीर सुनावणीत बोलून गेल्या. एका फोनला नऊ लाख डॉलर. एन्क्रिप्शन पाळत थांबवत नाही, ते पाळतीचा घाऊक धंदा बंद पाडतं आणि तिला किरकोळीवर आणतं. प्रत्येक माणसामागे पैसा, माणूसबळ आणि पकडलं जाण्याचा धोका पत्करावा लागला, की कोणावर पाळत ठेवायची हे कोणालातरी ठरवावं लागतं, कागदावर सही करावी लागते, आणि उद्या कोर्टात त्याबद्दल विचारता येतं. सगळ्यांचं सगळं आपोआप साठत असेल तर हा प्रश्नच उरत नाही. मला या विषयाची इतकी तळमळ आहे ती याच कारणाने.

या युक्तिवादाला एक जागा आहे जिथे तो ताणला जातो, आणि ती तुम्ही दाखवायच्या आधी मीच सांगते. 2020 मध्ये फ्रेंच आणि डच पोलिसांनी एन्क्रोचॅट या सेवेच्या सर्व्हरमधून थेट ग्राहकांच्या फोनांत सॉफ्टवेअर सोडलं आणि कोट्यवधी संभाषणं मिळवली. ग्राहक साठ हजारांच्या आसपास होते. म्हणजे सेवा लहान असेल आणि तिच्या सर्व्हरवर ताबा मिळाला, तर वळसा घालूनही बरंच घाऊक काम होतं. गुन्हेगारांसाठी खास बनवलेले फोन विकणाऱ्यांचं असंच होत आलं आहे. ॲनॉम नावाची अशीच एक सेवा तर एफबीआयच चालवत होती. ज्या सेवेचं सॉफ्टवेअर कोणालाही तपासता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नये हे मी म्हणते ते यासाठीच.

तुमच्या प्रतिक्रियेत मेटाडेटाचा उल्लेख नव्हता, आणि माझ्या मते सरकारी पाळतीचं खरं बळ तिथे आहे. कोण कोणाशी बोललं, किती वाजता, किती वेळ, कुठून. यातलं बरंचसं एन्क्रिप्शन झाकत नाही. 2013 मध्ये पहिली बातमी आली तीच अशी होती, की व्हेरायझन या अमेरिकन फोन कंपनीच्या ग्राहकांच्या फोन-नोंदी रोजच्या रोज एनएसएला देण्याचा गुप्त आदेश आहे. बोलणं त्यात नव्हतं, फक्त नोंदी. जीसीएचक्यूच्या टेम्पोरा योजनेत समुद्राखालच्या तारांमधून घेतलेला मजकूर तीन दिवस ठेवला जायचा आणि मेटाडेटा तीस दिवस. एनएसएचे माजी प्रमुख मायकेल हेडन 2014 मध्ये एका चर्चेत म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो. इथे सेवा कोणती निवडता याने फार फरक पडतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका चौकशीत सिग्नलकडे माहिती मागितली गेली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं निघालं ते इतकंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं.

बॅकअपही तसाच. संदेश वाटेत कितीही सुरक्षित असो, त्याची प्रत किल्लीशिवाय क्लाउडमध्ये पडली असेल तर आदेशाचा एक कागद पुरतो. ॲपलची पूर्ण एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय होती. ब्रिटन सरकारने तिच्याविरुद्ध गुप्त आदेश काढल्याची बातमी फेब्रुवारी 2025 मध्ये फुटली आणि त्याच महिन्यात ॲपलने ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी ती बंद केली. सरकारला सगळं वाचताच येत असतं, तर हा आदेश कशाला काढला असता?

आता तुमचं सिग्नल काढून टाकणं. 2024 मध्ये उघडकीस आलं की ‘सॉल्ट टायफून’ नावाने ओळखले जाणारे चिनी हॅकर अमेरिकेतल्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांत शिरले होते. पोलिसांच्या कायदेशीर फोन-टॅपिंगसाठी 1994 च्या कायद्याने या कंपन्यांना जी यंत्रणा ठेवायला लावली होती, तिच्यापर्यंतही ते पोचले. त्यानंतर डिसेंबरमध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा अधिकाऱ्यांनी लोकांना सल्ला दिला की संदेश आणि कॉलसाठी एन्क्रिप्टेड ॲप वापरा. एन्क्रिप्शनमुळे तपास अडतो अशी तक्रार जिथून वर्षानुवर्षं ऐकू येत होती, त्याच सरकारचे हे अधिकारी.

तुम्ही पत्रकार नाही, तुमच्यामागे कोणी पेगासस लावणार नाही, हे खरं असेल. पण सिग्नल फक्त ज्यांना भीती आहे त्यांनीच वापरलं, तर ते वापरणं हीच त्यांची खूण होईल. शिवाय संभाषणाला दुसरी बाजू असते. सिग्नलवर तुमच्याशी बोलणाऱ्यांना तुम्ही आता तिथे सापडत नाही, त्यामुळे त्यांना एसएमएस करावा लागतो. आणि एसएमएस टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो.